बोहेमियन वेशभूषेचा उदय आणि ऱ्हास : एक सांस्कृतिक व आर्थिक विवेचन

प्रस्तावना

वेशभूषा ही माणसाची मूलभूत गरज आहे. त्याचबरोबर ती समाजाशी संवाद साधण्याची एक भाषाही आहे. कोणते वस्त्र कोणी, केव्हा आणि कसे परिधान करावे याविषयी प्रत्येक समाजाचे काही लिखित, बरेचसे अलिखित संकेत असतात. हे संकेत पाळणारे बहुसंख्य असतात आणि ते जाणीवपूर्वक मोडणारे मोजके असतात. एकोणिसाव्या शतकातील युरोपात अशा मोजक्यांना 'बोहेमियन' हे नाव मिळाले आणि पुढे त्यांच्या पेहरावाचीच एक स्वतंत्र शैली बनली. सैलसर झगे, थराथरांचे घेरदार घागरे, भरतकाम केलेले सदरे, गोंडे आणि झिरमिळ्या, मण्यांच्या माळा, चांदीचे जाड दागिने, हाताने छापलेले सुती कापड आणि या साऱ्याची काहीशी विस्कळीत वाटणारी मांडणी ही या शैलीची ढोबळ लक्षणे होत. आजच्या बाजारात तिलाच 'बोहो' असे सुटसुटीत नाव आहे.

या शैलीचा इतिहास पाहता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. गेल्या सुमारे दोनशे वर्षांत ती अनेकदा उदयाला आली आणि तितक्याच वेळा मावळली. पॅरिसमध्ये १८३० ते १८५०, लंडनमध्ये १८६० ते १८९०, अमेरिका व पश्चिम युरोपात १९६५ ते १९७७ आणि पुन्हा २००४ ते २००७ हे तिच्या बहराचे ठळक कालखंड मानता येतील. प्रस्तुत लेखात या चढउतारांचा आढावा घेऊन त्यांमागील कारणांची मीमांसा करण्याचा प्रयत्न केला आहे. या वेशातील कापड, छपाई, भरतकाम आणि पादत्राणे यांचा मोठा वाटा भारतीय कारागिरांच्या हातून तयार झाला असल्याने शैलीच्या ऱ्हासाची किंमत कोणाला मोजावी लागली, हा प्रश्नही येथे विचारात घेतला आहे.

'बोहेमियन' या शब्दाचा प्रवास

बोहेमिया हा मध्य युरोपातील, आजच्या चेक प्रजासत्ताकातील, एक प्रदेश. रोमा या भटक्या समाजाचे लोक याच प्रदेशातून आले असावेत अशा समजुतीने फ्रेंच लोक त्यांना 'बोहेमियन' म्हणू लागले. इंग्रजांनी त्यांना इजिप्तचे रहिवासी मानले आणि त्यातून 'जिप्सी' हा शब्द रूढ झाला. दोन्ही समजुती चुकीच्या होत्या. योहान र्‍यूडिगर या जर्मन विद्वानाने १७८२ साली भाषिक पुराव्यांच्या आधारे रोमा लोकांच्या भाषेचे भारतीय भाषांशी असलेले नाते दाखवून दिले. या समाजाचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून पश्चिमेकडे गेले, हे आता भाषाशास्त्र आणि जनुकशास्त्र या दोन्ही शास्त्रांनी मान्य केले आहे. रोमानी भाषेत पाण्याला 'पानी', कानाला 'कान', नाकाला 'नाख', काळ्याला 'कालो' आणि माणसाला 'मनुश' म्हणतात. मराठी वाचकाला या शब्दांची ओळख करून द्यावी लागत नाही.

पॅरिसच्या स्वस्त वस्त्यांत राहणारे, ठराविक उत्पन्न नसलेले, घर आणि नोकरी यांच्या चौकटीत न बसणारे चित्रकार, कवी आणि संगीतकार यांना लोक उपहासाने याच नावाने संबोधू लागले. अशा रीतीने एका समाजाचे चुकीने पडलेले नाव दुसऱ्याच समूहाला चिकटले. त्या समूहाने ते अभिमानाने मिरवले. पण ज्यांचे नाव घेतले गेले, त्या रोमा लोकांच्या वाट्याला मात्र उपेक्षाच आली. नाझी राजवटीत त्यांचा वंशसंहार झाला. २०१० साली फ्रान्स सरकारने त्यांच्या वस्त्या उठवून अनेकांची रुमानिया व बल्गेरियाकडे रवानगी केली. त्याच्या अवघी पाच वर्षे आधी लंडनच्या दुकानांतून 'जिप्सी स्कर्ट' या नावाने घागरे धडाक्याने विकले जात होते. वेशाची आवड आणि तो वेश ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या माणसांविषयीची आस्था या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे या शैलीच्या इतिहासात पहिल्यापासूनच दिसते.

पॅरिस : दारिद्र्य आणि जाहीरनामा

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर राजाश्रय आणि सरदारांचा आश्रय आटला. कलावंताला आपली कलाकृती खुल्या बाजारात विकण्यावाचून गत्यंतर उरले नाही. या बाजाराचा मुख्य ग्राहक म्हणजे नव्याने श्रीमंत झालेला, काळा कोट आणि ताठ गळपट्टी घालणारा मध्यमवर्ग. त्याच्या पैशावर जगायचे आणि त्याच्या अभिरुचीचा तिटकाराही करायचा, अशा पेचात सापडलेल्या तरुण कलावंतांना वेश हे निषेधाचे हाताशी असलेले साधन वाटले. २५ फेब्रुवारी १८३० रोजी व्हिक्तोर ह्यूगोच्या 'एर्नानी' या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्या वेळी तेओफील गोतिए हा तरुण कवी लाल रंगाचे जाकीट घालून प्रेक्षागृहात बसला होता. नाटकातील नव्या विचारांइतकीच चर्चा त्या जाकिटाची झाली. वेश हाच जाहीरनामा होऊ शकतो, हे त्या रात्री सिद्ध झाले.

मात्र बहुतेक बोहेमियनांचा पेहराव निवडीपेक्षा परिस्थितीतून घडला होता. जुन्या बाजारातून घेतलेले कोट, एकमेकांत वाटून वापरलेले कपडे, गहाण टाकलेली आणि सोडवून आणलेली वस्त्रे यांतून तो विजोड वेश तयार होई. आंरी म्युर्जे याने आपल्या मित्रमंडळींच्या अशा जीवनावर लिहिलेल्या कथा १८४५ पासून एका छोट्या नियतकालिकात प्रसिद्ध होत होत्या. १८४९ साली त्यांवर आधारित नाटक रंगभूमीवर आले, १८५१ मध्ये कथांचे पुस्तक निघाले आणि १८९६ मध्ये त्यावरूनच पुच्चिनीने 'ला बोएम' ही प्रसिद्ध संगीतिका रचली. या संगीतिकेच्या शेवटच्या अंकात मरणासन्न मैत्रिणीच्या उपचारासाठी तत्त्वज्ञ कोलीन आपला जुना कोट विकायला काढतो. बोहेमियन माणसासाठी वस्त्र ही विकता येण्याजोगी शेवटची मालमत्ता होती, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

म्युर्जेच्या नाटकाला भरघोस यश मिळाले. ज्या मध्यमवर्गाचा हे कलावंत तिरस्कार करीत, त्यानेच तिकिटे काढून ते पाहिले आणि या यशानंतर म्युर्जे स्वतः त्या दरिद्री वस्तीतून बाहेर पडला. विद्रोह लोकप्रिय होतो आणि लोकप्रिय होताच त्याचे मूळ ठिकाण रिकामे होते. हा क्रम पुढील प्रत्येक टप्प्यावर थोड्याफार फरकाने आढळतो.

लंडन : कलावंतांच्या घरातून दुकानात

इंग्लंडमध्ये १८४८ साली 'प्री-राफेलाइट' चित्रकारांचा गट स्थापन झाला. यंत्रयुगातील कुरूपतेला कंटाळलेल्या या मंडळींना मध्ययुगीन कारागिरीचे आकर्षण होते. त्या काळच्या इंग्रज स्त्रीचा वेश म्हणजे कमर आवळणारा कॉर्सेट, पोलादी कड्यांचा फुगीर घोळ आणि रासायनिक रंगांचे भडक कापड. याउलट या चित्रकारांच्या पत्नी आणि मैत्रिणी, विशेषतः विल्यम मॉरिसची पत्नी जेन, कॉर्सेटशिवाय, सैल बाह्यांचे, वनस्पतिजन्य रंगांचे झगे वापरीत. या वेशाला सौंदर्यदृष्टीबरोबर आरोग्याचाही आधार होता. पुढे १८८१ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या 'रॅशनल ड्रेस सोसायटी'ने स्त्रियांना श्वास घेता येईल, चालता येईल असा पोशाख असावा, या मागणीचा पाठपुरावा केला. बोहेमियन वेशाने समाजाला दिलेले हे सर्वांत टिकाऊ योगदान म्हणता येईल.

याच टप्प्यावर भारत या कथेत येतो. आर्थर लेझनबी लिबर्टी यांनी १८७५ साली लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर पौर्वात्य वस्तूंचे दुकान काढले. भारतीय रेशीम हे तेथील एक मोठे आकर्षण होते. टसर रेशमाचा मूळ पिवळसर तपकिरी रंग घालवून त्यावर हवा तो रंग चढवणे अवघड असते. लीक या गावचे रंगारी टॉमस वॉर्डल यांनी बऱ्याच प्रयोगांनंतर ते साधले आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या टसरने लोकांचे लक्ष वेधून घेतले. हे मऊ, अंगासरशी पडणारे कापड कॉर्सेटविरहित झग्यांना अगदी योग्य होते. १८८४ मध्ये लिबर्टीने तयार पोशाखांचा स्वतंत्र विभागच उघडला. जो वेश एकेकाळी चित्रकाराच्या घरी शिवला जात होता, तो आता पैसे मोजून कोणालाही मिळू लागला.

दुकानात येताच त्याची टिंगलही सुरू झाली. 'पंच' साप्ताहिकातील व्यंगचित्रे आणि गिल्बर्ट व सलिव्हन यांची १८८१ मधील 'पेशन्स' ही विनोदी संगीतिका यांनी या सौंदर्यवाद्यांची यथेच्छ खिल्ली उडवली. विशेष म्हणजे त्या संगीतिकेतील वेशांसाठी लिबर्टीचेच कापड वापरले गेले. विक्री आणि विडंबन एकाच दुकानातून चालू शकतात, हे तेव्हाच दिसून आले. शतक संपता संपता ही लाट ओसरली. पुढे १९१० च्या सुमारास रशियन नृत्यनाट्यांच्या प्रभावाखाली पॅरिसच्या पॉल प्वारे याने कॉर्सेट वगळून पौर्वात्य ढंगाचे पोशाख तयार केले. पण तो श्रीमंतांचा षोक होता, कलावंतांची जीवनरीत नव्हती.

हिप्पी चळवळ आणि भारतीय सूत

१९६० नंतर अमेरिकेतील तरुण पिढीत व्हिएतनाम युद्ध, वर्णभेद आणि चंगळवाद यांविरुद्ध असंतोष धुमसत होता. कारखान्यात बनलेले, इस्त्रीचे, कृत्रिम धाग्यांचे कपडे हे त्यांच्या दृष्टीने त्या व्यवस्थेचेच प्रतीक होते. म्हणून जुन्या बाजारातील कपडे, अफगाणी मेंढीच्या कातड्याचे भरतकाम केलेले कोट, मेक्सिकन सदरे, भारतीय कुडते, कोयरीच्या नक्षीची छापील चादर अंगरखा म्हणून वापरणे असे प्रकार त्यांनी सुरू केले. इस्तंबूल, काबूलमार्गे भारतात येणाऱ्या तरुणांनी येथील वस्तू परत नेल्या. कोल्हापुरी चप्पल याच काळात पाश्चात्त्य तरुणाईच्या पायांत दिसू लागली. गोव्यातील हणजूण येथे सत्तरच्या दशकात हिप्पींनी आपसांतील वस्तूंच्या देवघेवीसाठी भरवलेला आठवडी बाजार पुढे पर्यटकांचा बाजार बनला आणि तेथे लमाणी स्त्रिया आरसेकामाचे कपडे विकू लागल्या.

या चळवळीचा ऱ्हास तिच्या भरभराटीतच सुरू झाला. १९६७ च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या हाइट-ॲशबरी भागात हजारो तरुण लोटले. वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी आणि पर्यटक त्यांच्या मागोमाग आले. मण्यांच्या माळा विकणारी दुकाने निघाली. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला तेथील कार्यकर्त्यांनी 'हिप्पीचा मृत्यू' जाहीर करून त्याची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. त्यानंतर चळवळ क्षीण होत गेली, पण वेश मात्र वरच्या वर्गात पसरला. १९६९ मध्ये मोरोक्कोतील माराकेश शहरात गच्चीवर भरजरी कोट घालून बसलेल्या तालिथा गेटी यांचे छायाचित्र पॅट्रिक लिचफिल्ड यांनी टिपले आणि ते या 'श्रीमंत हिप्पी' शैलीचे प्रतीक ठरले. १९७६ मध्ये ईव्ह सँ लोराँ याने रशियन शेतकरी स्त्रियांच्या पोशाखावर बेतलेली वस्त्रमालिका सादर केली. त्यातील घागरे आणि सदरे रेशीम, मखमल व जर यांनी मढलेले होते. गरिबाच्या वेशाची ही अतिशय महागडी आवृत्ती होती.

कण्णूरचे क्रेप : तेजीची किंमत

पाश्चात्त्य बाजारातील या मागणीला एक आर्थिक कारणही होते. १९७४ पासून विकसनशील देशांतून होणाऱ्या कापड निर्यातीवर बहुधागा कराराने कोट्याची मर्यादा घातली. मात्र त्याच कराराच्या बाराव्या कलमाने हातमागाचे कापड, त्यापासून हाताने बनवलेल्या वस्तू आणि पारंपरिक लोककलेची वस्त्रे यांना या मर्यादेतून वगळले होते. गिरणीच्या कापडाला जेथे कुंपण होते, तेथे हाताने बनवलेल्या वस्त्राला वाट मोकळी होती. बोहेमियन शैलीला नेमके असेच वस्त्र हवे होते.

या तेजीचे ठळक उदाहरण म्हणजे केरळातील कण्णूर. क्रेप विणताना सुताला नेहमीपेक्षा बराच अधिक पीळ दिलेला असतो. कापड विणून पाण्यात घातले की हा पीळ सैल होऊ पाहतो, सूत आखडते आणि कापडावर कायमच्या सुरकुत्या उमटतात. असे कापड हलके असते, त्याला इस्त्री लागत नाही आणि त्याचे चुरगळलेपण हेच त्याचे सौंदर्य असते. इस्त्रीचा तिटकारा असलेल्या पिढीला ते न आवडते तरच नवल. सत्तरच्या दशकाच्या मध्यास युरोप व अमेरिकेत कण्णूरच्या क्रेपला अचानक प्रचंड मागणी आली. मागावरचे नेहमीचे कापड उतरवून क्रेप चढवले गेले, नवे उत्पादक या धंद्यात आले, विणकरांच्या हाताला भरपूर काम मिळाले. परंतु काही वर्षांतच तेथील पसंती बदलली आणि मागणी कोसळली. पाश्चात्त्य ग्राहकाच्या दृष्टीने एक सदरा कपाटात मागे सरकला, एवढेच घडले. कण्णूरच्या विणकराच्या दृष्टीने माग थांबला. क्रेप हे मुख्यतः परदेशासाठी विणलेले कापड होते; त्याला घरची बाजारपेठ नव्हती. म्हणून परदेशातील लाट ओसरताच त्याला दुसरा आधार उरला नाही.

एकविसाव्या शतकातील 'बोहो' आणि जलद फॅशन

२००४ च्या सुमारास ही शैली पुन्हा अवतरली. ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात दिसलेल्या अभिनेत्री सिएना मिलर आणि मॉडेल केट मॉस या तिच्या प्रमुख प्रसारक ठरल्या. पॅरिसच्या 'क्लोए' या प्रतिष्ठित कंपनीत फीबी फायलो यांनी तयार केलेले तरल झगे आणि २००५ ची 'पॅडिंग्टन' नावाची जाड कुलूप लावलेली चामडी पिशवी यांना मोठी मागणी होती. थरांचा घागरा, नाण्यांचा कमरपट्टा, आखूड जाकीट आणि घोट्यापर्यंतचे बूट हा या काळातील ठराविक वेश होता.

मागील टप्प्यांशी तुलना करता येथे एक मूलभूत फरक आढळतो. पॅरिस, लंडन आणि सॅन फ्रान्सिस्को या तिन्ही ठिकाणी वेशाच्या आधी एक जीवनरीत होती, काही एक विचार होता. २००४ च्या लाटेमागे असा कोणताही विचार नव्हता. पूर्वीच्या विद्रोहाची केवळ छायाचित्रे होती. दुसरा फरक वेगाचा. झारासारख्या कंपन्यांनी आराखड्यापासून दुकानापर्यंतचा प्रवास दोनतीन आठवड्यांवर आणला होता. त्यातच १ जानेवारी २००५ पासून जागतिक कापड व्यापारातील कोटा पद्धत संपुष्टात आली आणि यंत्रावर बनलेल्या स्वस्त कपड्यांचा ओघ वाढला. हातमागाला आणि लोककलेच्या वस्त्रांना असलेली जुनी सवलतही त्याबरोबर निरर्थक झाली. यंत्राने भरलेला कशिदा, आरशाऐवजी चमकीचे तुकडे, ठसेछपाईची नक्कल करणारी यांत्रिक छपाई यांमुळे हस्तकलेचा आभास हस्तकलेविना निर्माण करता येऊ लागला. प्रत्येक रस्त्यावर तोच घागरा दिसू लागला तेव्हा त्याचे आकर्षण संपले. २००६-०७ पर्यंत अरुंद पायांच्या जीन्सने त्याची जागा घेतली होती.

पुढे कॅलिफोर्नियातील 'कोचेला' संगीत महोत्सवाच्या निमित्ताने २०१० नंतरच्या दशकात ही शैली काही काळ टिकून राहिली. परंतु आता तिच्यावर नैतिक आक्षेपही येऊ लागले. आपले नाव परवानगीविना वापरल्याबद्दल अमेरिकेतील नवाहो समाजाने २०१२ साली 'अर्बन आउटफिटर्स'विरुद्ध दावा दाखल केला. तो २०१६ मध्ये तडजोडीने मिटला. मेक्सिकोतील आदिवासी समाजांच्या नक्षीवरून फ्रेंच आरेखक इझाबेल मराँ यांच्यावर २०१५ मध्ये टीका झाली आणि २०२० मध्ये पुन्हा तसाच प्रसंग आल्यावर त्यांनी माफी मागितली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये शेमेना कमाली यांनी 'क्लोए'साठी सादर केलेल्या पहिल्या वस्त्रमालिकेने 'बोहो' परतल्याची चर्चा पुन्हा सुरू झाली. २०२५ मध्ये 'पॅडिंग्टन' पिशवीही नव्याने आली. सत्तरच्या दशकाची आठवण २००५ ने काढली आणि २००५ ची आठवण २०२५ ने. मूळ विद्रोहापासूनचे अंतर प्रत्येक आवृत्तीगणिक वाढत गेले आहे.

ऱ्हासाची कारणमीमांसा

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात फॅशनच्या मुळाशी दोन परस्परविरोधी प्रवृत्ती असल्याचे मांडले : इतरांसारखे होण्याची आणि इतरांहून वेगळे दिसण्याची. एखादी फॅशन सर्वांनी स्वीकारली की वेगळेपणाचे तिचे कार्य संपते, म्हणून प्रसार हाच तिचा शेवट असतो. बोहेमियन शैलीला हा नियम अधिक कठोरपणे लागू पडतो, कारण 'मी चारचौघांसारखा नाही' हाच तिचा एकमेव दावा आहे. चारचौघांनी तोच वेश केला की हा दावा आपोआप खोटा ठरतो. इंग्रज अभ्यासक डिक हेब्डिज यांनी १९७९ मध्ये उपसंस्कृतींचा अभ्यास करताना बाजार विद्रोहाच्या चिन्हांचे विक्रीयोग्य वस्तूंत रूपांतर करतो आणि माध्यमे त्याला निरुपद्रवी, गमतीदार ठरवतात, असे दाखवले. लिबर्टीचे दुकान आणि 'पेशन्स'ची थट्टा या जोडीत ही दोन्ही अंगे स्पष्ट दिसतात.

या दोन मीमांसांना वरील विवेचनाच्या आधारे तिसरे कारण जोडता येते. ते म्हणजे फॅशनचे वेळापत्रक आणि कारागिराचे वेळापत्रक यांतील विसंगती. ठसेछपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा लागतो. कापड धुणे, छापणे, वाळवणे, पुन्हा धुणे यांत दिवसांमागून दिवस जातात. आरसेकामात एकेक आरसा टाक्यांनी बसवावा लागतो. माग उभा करायला, हात तयार व्हायला वर्षे लागतात. एकोणिसाव्या शतकात एक लाट वीसतीस वर्षे टिके; तेवढ्यात कारागिराला जम बसवता येई. सत्तरच्या दशकात ती दहाएक वर्षांवर आली आणि त्यातील एकेका कापडाची हौस तर त्याहूनही लवकर फिटली. कण्णूरचे क्रेप त्यातच सापडले. २००५ पर्यंत लाटेचे आयुष्य दोनतीन वर्षांवर आणि कपड्याचे काही आठवड्यांवर आले. ज्या हस्तकलेच्या नावावर शैली उभी होती, ती हस्तकलाच या वेगात बाहेर फेकली गेली. जी शैली यंत्राच्या निषेधातून जन्मली ती शेवटी यंत्रावरच शिवली गेली.

कोल्हापुरी चपलेचा अनुभव

या पार्श्वभूमीवर कोल्हापुरी चपलेचा अनुभव उद्बोधक आहे. वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेल्या चामड्याची, खिळ्यांविना हाताने शिवलेली ही चप्पल हिप्पींच्या पायांत गेली आणि पुढे त्यांच्या पायांतून उतरलीही. तरीही ती नाहीशी झाली नाही, कारण तिचा मुख्य ग्राहक सॅन फ्रान्सिस्कोत नव्हता; तो कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या बाजारात होता. परदेशी लाट हे तिच्या दृष्टीने वरकड उत्पन्न होते. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार अशा एकूण आठ जिल्ह्यांसाठी तिला भौगोलिक मानांकन मिळाले.

जून २०२५ मध्ये मिलान येथे 'प्राडा' कंपनीने कोल्हापुरीशी उघड साम्य असलेल्या चपला मूळ स्थानाचा उल्लेख न करता सादर केल्या, तेव्हा महाराष्ट्रातून तीव्र प्रतिक्रिया उमटली आणि कंपनीला भारतीय प्रेरणेची कबुली द्यावी लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर कंपनीने करार केला. या कराराचे खरे मूल्यमापन कारागिराच्या हातात पडणाऱ्या मजुरीवरून करावे लागेल. तरीही कण्णूरच्या विणकराला १९७६ साली जे मिळाले नाही ते येथे काही प्रमाणात मिळाले, ते म्हणजे वस्तूबरोबर तिच्या गावाचे नाव आणि नाव घेतले न गेल्यास जाब विचारण्याचा आधार.

समारोप

बोहेमियन वेशभूषेचा उदय प्रत्येक वेळी कशाच्या तरी नकारातून झाला आहे : कधी मध्यमवर्गीय अभिरुचीच्या, कधी यंत्रयुगाच्या, कधी युद्ध आणि चंगळवादाच्या. तिचा ऱ्हास प्रत्येक वेळी तिच्या स्वीकारातून झाला. सैल, श्वास घेऊ देणारा पोशाख ही तिची देणगी मात्र फॅशन ओसरल्यानंतरही टिकून राहिली. आजच्या स्त्रीच्या रोजच्या कपड्यांत ती इतकी मिसळून गेली आहे की तिचे मूळ कोणाला आठवत नाही.

भारतीय कारागिराच्या दृष्टीने या इतिहासातून दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, परदेशी लाटेवर संपूर्ण माग चढवू नये. ज्या वस्तूला आपल्या पंचक्रोशीत ग्राहक आहे तीच वस्तू लाट ओसरल्यावर तग धरते. दुसरी, वस्तू निर्यात होताना तिच्यासोबत तिचे नाव, गाव आणि करणाऱ्याचा हक्क हेही गेले पाहिजेत. रोमा समाजाचे नाव वापरले गेले आणि त्याच्या पदरी काहीच पडले नाही. कण्णूरचे कापड वापरले गेले आणि त्याचे नाव विसरले गेले. 'बोहो'ची सध्याची लाटही यथावकाश ओसरेल. त्या वेळी मागावर आणि चर्मकाराच्या पाटावर काम शिल्लक राहील किंवा नाही, याची तजवीज लाट चढती असतानाच करावी लागेल. त्यासाठी ग्राहक, शासन आणि निर्यातदार या तिघांनीही कारागिराचे वेळापत्रक लक्षात घेऊन आपले व्यवहार आखणे अगत्याचे आहे.